आईच्या कॅन्सरवर ‘एन्झाइम’चे डबे: इंदूरच्या मंडळींनी जरूर वाचा

आमचे ४६,००० रुपये गेले. पण आईची बोर्टेझोमिबची, म्हणजे तिच्या कॅन्सरवरच्या औषधाची, दोन इंजेक्शनं चुकली, ते जास्त लागतं.

आईला मल्टिपल मायलोमा आहे, हाडांच्या आतल्या मज्जेचा कॅन्सर. पोटाच्या कातडीखाली घ्यायची सुई, २१ दिवसांच्या फेरीत १, ४, ८ आणि ११ व्या दिवशी. तिसऱ्या फेरीपर्यंत औषधाने तळपायांना इतक्या मुंग्या यायला लागल्या की चप्पल निसटलेली कळेना. नेमक्या त्याच दिवसांत रामबागेत एका हळदीकुंकवाला मावशीला कुणीतरी नंबर दिला आणि ‘एन्झाइमवाले’ गृहस्थ घरी आले.

आमची इंदुरी मराठी निम्मी हिंदीत भिजलेली. समोरचा स्वच्छ पुणेरी बोलायला लागला की आम्ही उगाच सावरून बसतो. पोहे झाले, जिलेबी झाली, चहा दोनदा झाला. त्याने मोबाइलवर २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल दाखवलं: पेशी नको असलेली प्रथिनं कशी मोडते या शोधासाठी चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना मिळालेलं. खरंच आहे ते. मग म्हणाला, कॅन्सर पसरतो तो प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांच्या जोरावर. यातही तथ्य आहे. कितीतरी गाठी एमएमपी नावाच्या एन्झाइमांनी भोवतालची जाळी कुरतडत पुढे सरकतात. आणि मग, “म्हणून आपण चांगलं एन्झाइम बाहेरून द्यायचं, गाठ विरघळते. आठवडाभर इंजेक्शनला सुट्टी द्या, मुंग्याही जातील.” आधीचं पटलं होतं, त्या ओघात हेही गिळलं. आईला मुळात गाठ नाही, आजार अस्थिमज्जेतला, एवढंसुद्धा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

९,५०० दोन ‘एन्झाइम मार्कर’ तपासण्यांचे, ३६,५०० तीन महिन्यांच्या डब्यांचे. यूपीआय कुणा बाईच्या नावावर, पक्कं बिल नाही. रिपोर्टात कॅथेप्सिन-डी, एमएमपी-९ आणि समोर लाल आकडे. पॅथॉलॉजिस्टची सही नाही. तीन आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला, आकडे निम्मे! घरात साखरभात झाला. पुढे नीट पाहिलं तर दोन्ही रिपोर्टांवर रक्त घेतल्याची तारीख आणि वेळ एकच.

डॉक्टरांच्या तपासणीत एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) वाढलेलं निघालं, तेव्हा आम्ही कबूल झालो. ते ओरडले नाहीत. कागदावर एक नळकांडं काढलं. हे प्रोटिएसोम, टाकाऊ प्रथिनांचे तुकडे करणारं यंत्र. मायलोमाच्या पेशी ढिगाने प्रथिनं बनवतात, त्यामुळे त्यांचा कचराही ढीगभर. बोर्टेझोमिब हे यंत्र अडवतं आणि पेशी आपल्याच कचऱ्यात गुदमरते. म्हणजे खरं औषध प्रथिनं तोडणं थांबवणारं, आणि आम्ही ते बंद करून प्रथिनं तोडणारी पूड आईला चारत होतो.

पूड तरी कसली? डब्यावर बारीक अक्षरात पपेन आणि ब्रोमेलेन. पपईचा चीक आणि अननस, पोट जड झालं की घेतो त्या गोळ्यांतला माल. शेजारी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर, म्हणजे कागदोपत्री हा खाद्यपदार्थ, औषध नव्हेच. दुसऱ्या डब्यात ग्रीन टीचा अर्क होता. तो पाहून मात्र डॉक्टरांचा चेहरा बदलला. ग्रीन टीतला एक घटक बोर्टेझोमिबला चिकटून त्याला निकामी करतो, हे २००९ मध्येच प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलेलं आहे.

मुंग्यांवर उपाय साधा होता. डॉक्टरांनी डोस कमी करून सुई आठवड्यातून एकदा केली. आम्ही आधी विचारलंच नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून!

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपचारांवरील कायद्याने बंदी आहे. डबे आणि रिपोर्ट जोडून औषध निरीक्षकांकडे अर्ज दिला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

हे आता लिहायचं कारण वेगळं. परवा गल्लीतल्या एका काकांनी तसलाच डबा दाखवला. त्यांना प्रोस्टेटचा त्रास. गृहस्थ तेच, पुणेरीही तीच. या वेळी तो पीएसएवर (प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात ते) बोलला म्हणे, की पीएसए हेसुद्धा प्रथिनं तोडणारं एन्झाइमच आहे. ते खरंच आहे. काकांनी ५,००० आगाऊ दिले होते.