कॅन्सर परत आलाय: पुन्हा केमो, घरी गोळ्या, की पॅलिएटिव्ह?

माझ्या ताईच्या मुलाचा ईविंग सार्कोमा, म्हंजे हाडाचा एक कॅन्सर, ट्रीटमेंट संपून वर्ष व्हायच्या आत फुफ्फुसात परत आला, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी डॉक्टर नाहीये, बघितलं नि वाचलं तेवढंच लिहितेय. आधी एक, परत आलेला प्रत्येक कॅन्सर सारखा नसतो, काही ब्लड कॅन्सर परत येऊनही बरे होतात, म्हणून पहिल्याच दिवशी सरळ विचारा की ही ट्रीटमेंट बरं करायला आहे का दिवस वाढवायला. आम्ही दोन महिने विचारलंच नाही, भीती वाटायची. बोस्टनचा एक अभ्यास आहे २००० सालचा, मूल आता बरं होणार नाही हे डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी आलेलं आणि आईबापांना उमगलं १०६ दिवस आधी. मधले शंभर दिवस काय समजून सह्या केल्या असतील त्यांनी!

हॉस्पिटलमधली जोरदार केमो घेतली तर गाठी आकसू शकतात, दम लागणं कमी होतं, फायदा खोटा नाही. पण काउंट म्हंजे रक्तातल्या पेशी पडणार, तोंड येणार, ताप आला की रात्री दोनला पण पळायचं, रक्त चढवा, प्लेटलेट्स शोधा. महात्मा फुले योजनेतून बराच खर्च निघतो, मुंबईत राहायची सोय सेंट ज्यूडसारखी संस्था फुकट करते, पण दाजींची बुडालेली हजेरी आणि गावाकडे आजीजवळ ठेवलेली धाकटी, हे कुठल्या योजनेत बसत नाही.

गोळ्यांची केमो म्हंजे कमी डोस, रोज, घरीच. ऐकायला छान. दिल्लीच्या एम्सने १०८ मुलांवर ट्रायल केली, २०१७ ला छापली, निम्म्यांना खऱ्या गोळ्या आणि निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा, आजार पुढे सरकायला दोन्हीकडे साधारण दीड महिनाच लागला. हाडाचा सार्कोमा नसलेल्यांत थोडा फायदा दिसला, आमचा हाडाचाच. तरी ‘काहीतरी चालू आहे’ हे समाधान आईला लागतं, त्याला मी हसणार नाही. मात्र रक्ततपासणीच्या फेऱ्या ह्यातही आहेतच.

पॅलिएटिव्ह ह्या शब्दाला आमच्या घरात सगळे बिचकले, आजी तर म्हणाली सोडून दिलं का लेकराला. तसं नसतं. दुखणं, दम, उलटी, झोप बघणारी टीम असते ती, वरच्या दोन्हीबरोबर पण चालते आणि जितकी लवकर तितकी बरी. मॉर्फिनचं म्हणाल तर नीट डोसमध्ये दिलं की मूल गुंगीत पडून राहत नाही, आमचा पोरगा उलट उठून पत्ते खेळायला लागला, फक्त पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून पाहिजे. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ ला कायदा बदलला, तरी तालुक्याला मॉर्फिन मिळेलच असं नाही, तेव्हा घरी जाण्याआधी बाटली कुठून आणायची आणि रात्री फोन कोणाला करायचा हे कागदावर लिहून घ्या.

काढे, भस्मं नातेवाईक आणणारच, डॉक्टरांपासून लपवू नका एवढंच.

आणि मुलाशी बोला. स्वीडनमध्ये मूल गेलेल्या आईबापांना विचारलं होतं, २००४ चं आहे, मरणाबद्दल मुलाशी बोललेले १४७ जण होते, एकालाही पस्तावा नव्हता, न बोललेल्यांत चौथ्या हिश्शापेक्षा जास्त लोकांना होता. आम्हाला एवढं धाडस झालं नाही, पण तुला काय पाहिजे विचारलं तर म्हणाला, बेंदराला मी घरी असणार ना?

मला विचाराल तर केमो घेतलीत तरी थांबायचं कुठे ते आधी ठरवा, आमचं ठरलेलं की केमोच्या दोन सायकल म्हंजे फेऱ्या, मग स्कॅन, गाठी वाढल्या असतील तर बास, कारण रिपोर्ट हातात आल्यावर कोणाचंच डोकं चालत नाही. वाढल्या होत्या. दाजी तरी म्हणाले अजून एक घेऊन बघू. ताई म्हणाली, बेंदूर पाच दिवसांवर आलाय.