घरच्या लॅपटॉपवर एटना मोजताना : सेंटिनेल-१ च्या रडारचा आठ महिन्यांचा अनुभव

भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पोटापाण्याचं काम दुसऱ्याच क्षेत्रात मिळालं. दगडांची ओढ मात्र गेली नाही. म्हणून गेले आठ महिने दर शनिवार-रविवार मी सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीची जमीन किती हलते, ते युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या रडारवरून मोजतोय. डेटा फुकट, सॉफ्टवेअर फुकट. खर्च फक्त विजेचा आणि झोपेचा.

एटनाच का? त्याचा पूर्व उतार आयोनियन समुद्राकडे सरकतोय. काही भागांत हा वेग वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर आहे आणि त्या उतारावर गावं आहेत, द्राक्षमळे आहेत.

तत्त्व सोपं आहे. एकाच जागेची वेगवेगळ्या दिवशीची दोन रडारचित्रं घ्यायची आणि लहरींच्या फेजमधला, म्हणजे परतलेली लहर आपल्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक काढायचा. हा फरक नकाशावर रंगांनी दाखवतात. लहरीची लांबी ५.६ सेंटिमीटर. ती जाते आणि परत येते, त्यामुळे रंगांचं एक पूर्ण चक्र म्हणजे उपग्रहापासूनच्या अंतरात २.८ सेंटिमीटरचा बदल. एका चित्राची फाइल साधारण चार जीबीची. माझ्या १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपने पहिल्या महिन्यात दोनदा मान टाकली. पूर्ण चित्र न घेता एटनापुरता तुकडा आधी कापून घ्यायला शिकलो, तेव्हा रात्रभराचं काम तासा-दीड तासावर आलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

आता खरी गोष्ट. उन्हाळ्यातल्या एका जोडीत शिखराभोवती दोन सुंदर वलयं दिसली. हिशेब केला तर पाचएक सेंटिमीटर! शिलारस वर चढतोय आणि डोंगर फुगतोय, असं मी धरून चाललो. रात्री दोन वाजेपर्यंत जागलो. सकाळी तीच वलयं नकाशावर ठेवली, तर ती समोच्च रेषांना धरून फिरत होती. पुढच्या जोडीत वलयं पुन्हा होती, पण रंगांचा क्रम उलटा. दोन्ही जोड्यांत एक चित्र सामाईक होतं आणि त्या दिवशी हवेत बाष्प जास्त होतं. समुद्रसपाटीवरच्या माणसाच्या डोक्यावर हवेचा जेवढा थर असतो, त्याहून तीन हजार तीनशे मीटरहून उंच शिखरावर कितीतरी कमी. रडारची लहर या फरकात रेंगाळते आणि आपल्याला वाटतं जमीन हलली. १९९१-९३ च्या उद्रेकाच्या उत्तरार्धात एटना खाली बसल्याचं उपग्रहाच्या रडारवरून दाखवणारा गाजलेला निबंध १९९५ मध्ये आला, तेव्हा तिथल्याही काही वलयांत हवेचा वाटा असल्याचं नंतर इतरांनी दाखवून दिलं. तेव्हापासून सुट्या जोडीवर मी विश्वास ठेवत नाही.

आणि उताराचं सरकणं सुट्या जोडीत दिसणारही नाही. वर्षाला तीन सेंटिमीटर म्हणजे बारा दिवसांच्या अंतराच्या जोडीत जेमतेम एक मिलिमीटर, तोही तिरक्या नजरेने आणखी कमी. वर्षाच्या अंतराची जोडी घ्यावी, तर मधल्या काळात झाडांची पानं, फांद्या बदलतात आणि फेज विस्कटते. उघड्या लाव्ह्यावर आणि घरांवर आकडे नीट येतात. लिंबा-संत्र्यांच्या बागांवर नकाशात भोकंच भोकं. अनेक जोड्या एकत्र करून सरासरी काढली, तेव्हा कुठे पेर्निकाना भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजू वेगवेगळ्या सरकतात अशी जमिनीतली भेग, स्वच्छ उमटला : उत्तरेकडचा भाग जवळपास स्थिर, दक्षिणेकडचा समुद्राच्या दिशेने. युरोपची भू-हालचाल सेवा हेच काम तयार करून फुकट देते. माझे आकडे तिच्याशी जुळले, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना पेढे दिले.

चढत्या कक्षेतून (उत्तरेकडे जाताना) उपग्रह पश्चिमेकडून बघतो, उतरत्या कक्षेतून (दक्षिणेकडे जाताना) पूर्वेकडून. दोन्ही नजरा जोडल्या की वर-खाली आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी करता येते. उत्तर-दक्षिण हालचाल मात्र जवळजवळ दिसत नाही. एटनाचा उतार मुख्यतः पूर्वेला जातो म्हणून निभावतं. प्रत्येक ज्वालामुखीवर निभावेलच असं नाही.

सरावासाठी २२ आणि २८ डिसेंबर २०१८ ची जोडी जरूर करून बघा. २४ डिसेंबरला शिलारस शिखराच्या बाजूने घुसला, उद्रेक झाला आणि २६ ला पहाटे पूर्व उतारावरच्या फियांदाका भ्रंशावर ४.९ तीव्रतेचा, अगदी उथळ भूकंप झाला. फ्लेरी गावातली घरं पडली. या जोडीत शिखराभोवती पट्ट्यांची दाट गर्दी आहे आणि भ्रंशावर रंग सुरीने कापल्यासारखे तुटतात. ते पाहताना मी बराच वेळ गप्प बसलो होतो. तुटलेल्या त्या रेषेवर लोक झोपलेले होते. पण २४ ला काय हललं आणि २६ ला काय, हे ही जोडी सांगू शकत नाही. सहा दिवस एकात एक मिसळले आहेत. त्यासाठी जमिनीवरची सतत नोंद घेणारी जीपीएस केंद्रंच लागतात. एटनाजवळच्या कातानिया शहरातल्या वेधशाळेचं असं जाळं आहे, त्याची जागा उपग्रह घेणार नाही.

रडार किनाऱ्यालाच थांबतं, हीसुद्धा मोठी मर्यादा. जर्मन संशोधकांनी समुद्रतळावर ध्वनियंत्रं ठेवली, तेव्हा मे २०१७ मध्ये आठ दिवसांत चार सेंटिमीटर सरकल्याचं कळलं. म्हणजे शिखरापासून दूर, पाण्याखालीही उतार हलतोय. केवळ शिलारसाच्या धक्क्याने हे घडत असतं, तर इतक्या लांब एवढी हालचाल अपेक्षित नव्हती. डोंगराचं स्वतःचं वजनही त्याला खाली ओढतंय.

भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावं, आणि तीन महिने तरी एकही निष्कर्ष कुणाला सांगू नये. झटपट चित्र हवं असणाऱ्यांनी युरोपची तयार सेवाच वापरावी.

माझी पुढची वाट निसारची. नासा आणि इस्रोचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याची एल-बँड (म्हणजे सेंटिनेलहून लांब) लहर २४ सेंटिमीटरची. पानांतून आत शिरते, पण एक चक्र १२ सेंटिमीटरचं असल्याने बारीक सरकणं पकडायला अवघड. एटनाच्या जोड्या हाती आल्या की पहिल्यांदा पूर्व उतारावरच्या झाफेराना गावाच्या आसपासच्या बागा उघडणार आहे, जिथे माझ्या नकाशात अजून नुसतं काळं आहे.