एडी पाल्मिएरी : आठ महिने रोज ऐकल्यानंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये लॅटिन संगीतातले पियानोवादक एडी पाल्मिएरी ८८व्या वर्षी गेले. ती बातमी वाचून मी त्यांना ऐकायला घेतलं, म्हणजे तसा उशीरच झाला. तेव्हापासून संध्याकाळच्या स्वयंपाकाला तेच लागतात. आधीच सांगतो, काम करता करता मागे वाजत राहावी अशी ही चीज नाही. १९६५ चं 'अझूकार' लागलं आणि माझी फोडणी दोनदा करपली.

गाणं आठ मिनिटांहून लांब. मधे पियानोचा सोलो येतो, तेव्हा डावा हात तोच तुकडा न थकता घोळवत राहतो आणि उजवा वाटेल तिथे भटकून येतो. लेहरा धरणारा आणि तबला वाजवणारा एकच माणूस असावा, तसं. पहिला महिना माझी टाळी सारखी चुकायची. क्लावे म्हणजे या संगीताचा पायाचा ठेका; त्याचा हिशेब चार-चार मात्रांच्या दोन मापांत पाच ठोके, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. आपल्याला सम शोधायची खोड, आणि इथे बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, पहिल्या मात्रेच्या आधीच येऊन बसलेला! हे अंगात मुरायला वेळ लागतो.

जन्म १९३६ चा, न्यूयॉर्कचा. आईवडील पोर्तो रिकोचे. थोरला भाऊ चार्ली नावाजलेला पियानोवादक. एडी मात्र पोरवयात काकांच्या वाद्यवृंदात टिंबाले हे जोडढोल बडवत होते, मग पियानोकडे परतले. त्यांचा पियानो तालवाद्यासारखा आदळतो, तो त्यामुळेच असावा.

१९६१ साली त्यांनी 'ला परफेक्ता' हा स्वतःचा ताफा काढला. त्या काळच्या चारंगा, म्हणजे क्युबन नाचाचं संगीत वाजवणाऱ्या ताफ्यात बासरी आणि व्हायोलिनं असत. यांनी बासरी ठेवली आणि व्हायोलिनांच्या जागी दोन ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीची पितळी वाद्यं, बसवले. चार्लीने त्या मिश्रणाला 'ट्रॉम्बांगा' म्हटलं. त्या ताफ्यातल्या बॅरी रॉजर्सचा ट्रॉम्बोन ऐकाच. गोड वगैरे अजिबात नाही, भांडायला उठल्यासारखा.

तक्रारी आहेत. फोनच्या स्पीकरवर बास गायबच होतो, हेडफोन हवेतच. नंतरच्या ध्वनिमुद्रणांत वाजवताना ते स्वतःच गुरगुरतात. घरच्यांनी एकदा कुत्रा शिरला का म्हणून विचारलं. हौसेने मागवलेली एक जुनी तबकडी वाकडी निघाली आणि विक्रेत्याने परत घेतली नाही, पण तो दोष पाल्मिएरींचा नव्हे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने १९७१ चं 'वामोनोस पाल मोंते' घ्यावं. चला डोंगराकडे, एवढाच अर्थ. पण त्यात चार्ली ऑर्गनवर येतो तेव्हा दोघे भाऊ एकमेकांना डिवचताहेत असं वाटतं. १९७२ मध्ये सिंग सिंग तुरुंगात कैद्यांसमोर केलेलं थेट मुद्रणही आहे, ते मी रविवारसाठी राखून ठेवतो.

'द सन ऑफ लॅटिन म्युझिक' ही १९७४ ची तबकडी मात्र घाईने घेऊ नका. लॅटिन संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी १९७६ मध्ये तिलाच मिळालं. तिच्यातलं 'उन दिया बोनितो' चौदा मिनिटांहून मोठं, आणि सुरुवातीची बरीच मिनिटं नाचायचं नावच नाही, नुसता पियानो आणि चमत्कारिक आवाज. चार महिने मी तो भाग पुढे ढकलायचो. आता पहिल्यापासून लावतो, फोडणी उरकून.