दहावी शाळेतूनच की मुक्त विद्यालयातून? बायपोलर असलेल्या मुलाच्या आईबाबांसाठी

नववीच्या अखेरीस मुलाच्या फायलीत ‘बायपोलर’, म्हणजे मूड कधी टोकाला चढण्याचा आणि कधी खोल घसरण्याचा आजार, हा शब्द आला की घरात दोन वाक्यं आलटूनपालटून ऐकू येतात. ‘वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही’ आणि ‘झेपेल का त्याला?’ मुलुंडच्या आमच्या घरातही महिनाभर हेच चाललं होतं. निर्णय घेतला शेवटी, पण तो कशाच्या आधारे घ्यायचा हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुम्ही आज त्याच वळणावर असाल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बायपोलर असलेल्या बहुतेक मुलांची एकूण बुद्धिमत्ता शाबूत असते. आजार धक्का लावतो तो लक्ष टिकवण्याला, ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करण्याला, पाठांतराला, कामाच्या वेगाला आणि नियोजनाला. काय आधी करायचं, काय नंतर, एक विषय मिटून दुसरा कसा उघडायचा, इथे ही मुलं अडतात. गणितात अनेकांची जास्त ओढाताण होते. आणि मूड सावरल्यावरही यातलं बरंच काही मागे उरतं. ‘आता बरा आहेस ना, मग अभ्यास का होत नाही?’ असं मी माझ्या मुलाला किती वेळा विचारलं असेल! त्याचं वाईट आजही वाटतं.

नातेवाईक म्हणतात, गोळ्यांनी पोरगा मठ्ठ झाला. लिथियमने हात थरथरू शकतो, विचार मंदावल्यासारखे वाटतात. क्वेटियापिनने सकाळी झापड येते. टोपिरामेटने नेमका शब्द आठवत नाही. हे खरं आहे. पण औषधं न घेणाऱ्या मुलांतही हीच कमतरता दिसते, तेव्हा सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका. लिथियम अचानक थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. गोळीची वेळ बदलता येईल का, रक्तातली लिथियमची पातळी किती आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता दोन्ही वाटा.

शाळा मागते वेग आणि सकाळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये थोड्या दिवसांत सगळे विषय, भाषेचा पेपर तीन तासांचा, गणिताचे दोन भाग दोन-दोन तासांचे. त्याआधी प्रीलिम, सराव परीक्षा, क्लासच्या टेस्ट. त्यातून रात्रीची जागरणं होतात, आणि झोप मोडणं हे या मुलांत मॅनिया, म्हणजे मूड टोकाला चढण्याचा झटका, पेटायला पुरेसं कारण ठरू शकतं. आमच्याकडे पहिला झटका सहामाहीच्या आठवड्यातच आला. आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात येत नाही. या आजारातल्या काही मुलांना समोरच्याचा साधा, निर्विकार चेहराही रागावलेला वाटतो. ‘सर माझ्यावर चिडलेत’ असं माझा मुलगा रोज सांगायचा. सर नुसते फळ्याकडे बघत असायचे.

पण शाळा एक फार मोठी गोष्ट फुकट देते, आणि ती म्हणजे घडी. ठरलेल्या वेळी उठणं, घंटा, आज कुठला धडा हे सांगणारं कुणीतरी, डबा खायला सोबत. ज्या मेंदूला नियोजन जड जातं, त्याच्यासाठी ही घडी म्हणजे बाहेरून मिळालेला आधार असतो. ती काढून घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

शाळेतून परीक्षा द्यायची तर सवलतींचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, गणिताच्या एका भागाला ४० मिनिटं. वेग मंदावलेल्या मुलाला याने खूप फरक पडतो. अडचण दाखल्याची आहे. मानसिक आजाराच्या मोजमापात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि काम या चार बाबी पाहतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही. आंघोळ करून, नीट बोलत समोर बसलेल्या स्थिर मुलाचे टक्के ४० पर्यंत पोहोचतीलच असं नाही. म्हणून केवळ दाखला मिळेल या भरवशावर शाळेची वाट धरू नका. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिचा दाखला वेगळा काढावा लागतो.

मुक्त विद्यालयाचं, म्हणजे एनआयओएस या घरी अभ्यास करून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, वेळापत्रक मात्र या आजाराला मानवतं. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. एका वेळी एक-दोनच विषय द्या, मूड बिघडला तर पुढच्या खेपेला द्या. दहावी मराठी माध्यमातून करता येते. गणित सक्तीचं नाही. मात्र पुढे सायन्स किंवा पॉलिटेक्निक मनात असेल तर गणित-विज्ञान घाईने टाकू नका.

मग सगळ्यांनी हेच करावं का? मला तसं वाटत नाही. मुक्त विद्यालय वेगाचं ओझं उतरवतं आणि नियोजनाचं चढवतं. पुस्तक कधी उघडायचं, स्वाध्याय कधी पूर्ण करायचे, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, हे सगळं मुलाच्या अंगावर येतं. आई सकाळी लोकलने फोर्टला, बाबा अंधेरीला, आणि मुलगा दिवसभर वन बीएचकेत एकटा. दहाला उठणं बाराला जातं, रात्री तीन वाजतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं नेमकं असंच झालं. परीक्षा सोपी होती, पण दिवस हातातून सुटला.

१७ नंबरच्या फॉर्मचा, म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्याचाही सल्ला तुम्हाला मिळेल. त्यात अभ्यासक्रम तोच, पेपर तेच, परीक्षाही त्याच वेळी. सुटका फक्त रोजच्या हजेरीतून. हजेरी हीच अडचण असेल तरच त्याचा उपयोग.

ठरवण्याआधी मूड काही आठवडे स्थिर असताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून चाचणी करून घ्या. पालिकेच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे चौकशी करता येईल. बुद्ध्यंकाचा एकच आकडा घेऊन परत येऊ नका. वेग किती, तात्पुरती स्मृती किती, नियोजन किती, हे सुटं सुटं विचारा. वेग आणि स्मृती मागे पडली असेल, पण सांगितलेल्या वेळी मूल बसत असेल आणि दिवसा घरात कुणी मोठं माणूस असेल, तर मी मुक्त विद्यालय म्हणेन. वेग बरा असेल पण आपणहून काहीच सुरू होत नसेल, तर शाळा सोडू नका. मुख्याध्यापकांना भेटून गृहपाठ कमी करून घ्या, पहिल्या तासाला उशिरा यायची मुभा मागा.

आमच्या मुलाचा वेग फार खाली आला होता. शाळेने जादा वेळेबद्दल ऐकूनच घेतलं नाही, आणि आम्ही मुक्त विद्यालयात गेलो. शेजारच्या निवृत्त शिक्षिका रोज अकरा वाजता येतात. त्या नसत्या तर मी हे धाडस केलं नसतं. पहिल्या ऑक्टोबरला त्याने मराठी आणि गृहविज्ञान असे दोनच विषय दिले. मित्र तुटू नयेत म्हणून संध्याकाळचं क्रिकेट आम्ही कधीच बंद केलं नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. रात्री साडेदहाला दिवे बंद होतात, आमचेही.