पॅरामोटरसाठी दोन भागांत सुटणारा कार्बन प्रॉपेलर: वापरानंतरचे मत

माझ्या पॅरामोटरचा, म्हणजे पाठीवर इंजिन बांधून पॅराग्लायडरने उडण्याच्या यंत्राचा, १२५ सेंटीमीटर व्यासाचा लाकडी प्रॉपेलर उतरवून त्याच व्यासाचा, मध्यभागी दोन भागांत सुटणारा कार्बन फायबरचा प्रॉपेलर मी बसवला आणि पुरेसा काळ वापरला. तो घेण्याजोगा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र केवळ जाहिरातीतल्या थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) आकड्यासाठी तो घेऊ नये, कारण तो आकडा विशिष्ट इंजिनावर, जागच्या जागी उभे राहून मोजलेला असतो. आपल्या इंजिनाशी आणि रिडक्शनशी (इंजिनाचे फेरे कमी करून प्रॉपेलरला देणाऱ्या जोडणीशी) पाती जुळत नसतील, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पॅरामोटरचे टू-स्ट्रोक इंजिन आपली पूर्ण शक्ती फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच देते; त्याच्या एक्झॉस्टची लांबी आणि आकार त्या पट्ट्यासाठीच जुळवलेले असतात. पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, जास्त असली की पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन त्या पट्ट्यापर्यंत पोहोचत नाही, दबून चालते आणि तापते. पिच कमी असली तर इंजिन सहज चढते, किंबहुना मर्यादेपलीकडे धावते, पण ढकल अपुरी मिळते. म्हणून नवा प्रॉपेलर बसवल्यावर माझी पहिली तपासणी एकच असते: यंत्र भक्कम बांधून, पात्यांच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे नाही याची खात्री करून, पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटर (फेरे मोजणारे उपकरण) काय दाखवतो ते पाहणे. उत्पादकाने सांगितलेल्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या जवळ, पण मर्यादेच्या आत आकडा आला, तर निवड योग्य. पॅरामोटरचा हवेतला वेग कमी असल्यामुळे उड्डाणात हा आकडा फारसा वाढत नाही. सुरू इंजिनाच्या पात्यांत हात जाणे ही या खेळातली सर्वपरिचित गंभीर दुखापत आहे; तेव्हा ही चाचणी एकट्याने, यंत्र हाताने धरून कधीही करू नये.

व्यासाच्या बाबतीत पुष्कळ जण घाई करतात. १२५ ऐवजी १३० सेंटीमीटर म्हणजे व्यासात केवळ ४ टक्के वाढ. पण तशाच घडणीच्या पात्यांना त्याच फेऱ्यांवर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, म्हणजे सुमारे २२ टक्के जास्त. तेवढी शक्ती इंजिनाकडे नसते, त्यामुळे फेरे उतरतात आणि मोठ्या व्यासाचा लाभ हातचा जातो. रिडक्शन बदलले किंवा पिच कमी केली तरच मोठा व्यास फळतो आणि तेव्हा तो खरोखरच चांगला असतो, कारण अधिक हवा सावकाश ढकलणे हे थोडी हवा वेगाने ढकलण्यापेक्षा नेहमीच कार्यक्षम ठरते. प्रॉपेलरभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याचाही विचार आधी करावा. पळताना, वाकताना, पडताना पिंजरा लवचीकपणे आत येतो. टोकाशी काही सेंटीमीटरचे मोकळे अंतर उरत नसेल, तर तो व्यास त्या यंत्रासाठी नाहीच.

आवाज मुख्यतः टोकाच्या वेगावर ठरतो. इंजिन ७,८०० फेऱ्यांवर आणि रिडक्शन २.६८ असेल, तर प्रॉपेलर मिनिटाला सुमारे २,९१० फेरे घेतो आणि १२५ सेंटीमीटरच्या पात्याचे टोक सेकंदाला जवळपास १९० मीटर वेगाने जाते. माझ्या कार्बन प्रॉपेलरचा आवाज लाकडी प्रॉपेलरपेक्षा मऊ वाटतो. पातळ पाती आणि टोकांची घडण हे त्याचे कारण असावे. तीन पात्यांचा प्रॉपेलर आणखी सुरळीत चालतो, पण वाहतुकीत तो अडचणीचा, आणि एकट्याच्या उड्डाणासाठी मला त्याची गरज दिसत नाही.

हलकेपणा हा या प्रॉपेलरचा मला सर्वाधिक आवडलेला गुण. थ्रॉटल दिल्यावर इंजिन चटकन चढते आणि सोडल्यावर लवकर उतरते, त्यामुळे कमी उंचीवर उंची राखणे सोपे जाते. दोन भाग वेगळे होत असल्याने तो पिशवीत सहज मावतो. मात्र ही दोन पाती वजनाने जुळवलेली जोडी असते, म्हणून एक तुटले तर दुसऱ्या जोडीतले पाते लावणे मला मान्य नाही. जोडताना खुणा जुळवाव्यात, बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने आवळावेत आणि दोन्ही टोके एकाच पातळीतून जातात का, हे हाताने फिरवून पाहावे. लाकूड दमटपणात फुगते, कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे लाकडी प्रॉपेलरचे बोल्ट अधूनमधून तपासावेच लागतात. कार्बनमध्ये ही कटकट कमी आहे.

उणी बाजूही आहे. खडी उडाली किंवा पावसात उडालो, की पुढची कड खराब होते, म्हणून कडेला पॉलियुरेथेनची पट्टी हवीच. किरकोळ टवका इपॉक्सीने भरून, घासून, तोल पुन्हा तपासता येतो. पण हबजवळ (पाती जोडलेल्या मधल्या भागाजवळ) भेग किंवा थरांत फट दिसली, तर ते पाते बाद समजावे. जमिनीवर आदळल्यास लाकूड तुटून धक्का स्वतःत घेते, तर ताठ कार्बन तो रिडक्शन आणि क्रँकशाफ्टकडे अधिक प्रमाणात पोहोचवतो.

मागणी नोंदवताना फिरण्याची दिशा विसरली जाते. एकाच टप्प्याच्या गिअरच्या रिडक्शनमध्ये प्रॉपेलर क्रँकशाफ्टच्या उलट फिरतो, पट्ट्याच्या (बेल्टच्या) रिडक्शनमध्ये त्याच दिशेने. हेलिक्स आणि ई-प्रॉप्स यांसारखे उत्पादक इंजिन आणि रिडक्शननुसार मॉडेल देतात. त्यांना इंजिन, रिडक्शन, फिरण्याची दिशा आणि हबच्या बोल्टचे माप कळवावे.

अल्ट्रालाइट विमानात हिशोब थोडा बदलतो. तिथे वेग जास्त, म्हणून पिचही जास्त, आणि जमिनीवर पात्यांचा कोन बदलता येणारा प्रॉपेलर मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे जडत्वाचाही, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला पाती किती विरोध करतात याचाही, प्रश्न येतो: रोटॅक्स ५८२ या इंजिनाच्या बी गिअरबॉक्ससाठी प्रॉपेलरच्या जडत्वाची मर्यादा ३,००० किलोग्रॅम चौरस सेंटीमीटर, तर सी गिअरबॉक्ससाठी ६,००० आहे. जड लाकडी तीन पाती ही मर्यादा सहज ओलांडू शकतात आणि तेथे हलका कार्बन ही गरजच ठरते.

जे अजून उड्डाण शिकत आहेत, त्यांना मात्र मी सध्या लाकडी प्रॉपेलरच ठेवायला सांगेन. सरावात पाती जमिनीला किंवा पिंजऱ्याला लागण्याची शक्यता अधिक असते आणि लाकडाची दुरुस्ती सोपी पडते. पळणे आणि उतरणे हातात बसल्यावर कार्बन घ्यावा आणि जुना लाकडी प्रॉपेलर सुस्थितीत राखून ठेवावा.