शाळेतला फ्लॅट: सगळं छान, भिंत सोडून

दर्यापूरकडच्या जुन्या शाळेच्या इमारतीत फ्लॅट निघाले, त्यातला तळमजल्यावरचा एक आम्ही घेतला. उंच छत, सागवानी आढी, लांबलचक व्हरांडा हे सगळं जाहिरातीत पाहिलंच असेल. त्यात खोटं काही नाही. यंदा पाऊस लागला आणि टीव्हीमागचं प्लास्टर कमरेइतक्या उंचीपर्यंत भदकन खाली आलं, म्हणून हे लिहितोय.

मागे पाहिलं तर विटांवर पांढरा फटक लोणा, बोटाने पुसला तर मिठासारखा हाताला येतो. बिल्डरचं उत्तर ठरलेलं: "जुनी इमारत आहे, इतकं चालायचंच." वर वॉटरप्रूफ रंग मारून देतो म्हणाला, त्याचेही पैसे आमच्याच खिशातून!

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने एका वाक्यात निकाल लावला. "भाऊ, चुन्याच्या भितीले शिमिट लावलं, मंग ते ओल जाईन कुठं?" मूळ बांधकाम चुन्यातलं. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि चुन्यातून वाळून जाते. यांनी गुळगुळीत दिसावं म्हणून वरून सिमेंट थापलं, त्यावर प्लास्टिक पेंट. ओल आत कोंडली, क्षार प्लास्टरमागे साचले. त्यात आपला हा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं. प्लास्टर बहुतेक त्याच पाण्यात कालवलेलं. वॉटरप्रूफ रंगाने ओल आणखी वर चढली असती, एवढंच.

तेव्हा फ्लॅट विकूनच टाकावा असं मनात होतं. पण मे महिना आठवला. बाहेर पारा ४५ च्या घरात आणि आमच्या दीड हात जाडीच्या भिंती भर दुपारीही गार. कूलर दिवसाला चार-पाच तासांपेक्षा जास्त लावावा लागला नाही. बहिणीकडे स्लॅबच्या घरात तो दिवसरात्र घरघरतो. (वाळ्याच्या ताट्यांवर मिठाचा थर मात्र दोघांकडे सारखाच.) विजेचं बिल पाहून बिल्डरला थोडं माफ केलं. थोडंच. त्याच भिंतींमुळे स्वयंपाकघरात वायफाय येत नाही, पण त्याचं काही वाटत नाही.

शेवटी गवंड्याकडून बैठकीतलं सिमेंट ओलीच्या वरपर्यंत खरवडून काढलं, नळाच्या गोड्या पाण्यात चुना-वाळूचं प्लास्टर केलं, वर नुसती सफेदी. लोणा अजून थोडा फुलतो, तो कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने पुसला तर परत आत मुरतो. खर्चाचं बिल बिल्डरला पाठवलंय, उत्तर नाही. झोपायच्या खोलीचं काम पुढच्या उन्हाळ्यात.

तळमजला बघायला जाणार असाल तर पावसाळ्यातच जा आणि कपाटामागे नखाने भिंत खरवडून पाहा. करडं निघालं, म्हणजे सिमेंट, तर भावात तेवढे पैसे कमी करून मागा.