१८२१ सालची व्हिक्टोरिया आणि माझे ७३,६२९ रुपये

नोट प्रेसमध्ये २८ वर्षं नोटांमधले दोष शोधून मी रिटायर झालो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "काका, जरा नीट बघायचं ना" असं म्हणायचे तुमचे कष्ट वाचतील. तेच तर जास्त झोंबतंय.

नाणी, दौती, अडकित्ते गोळा करायचा नाद जुना. यंदा एका ऑनलाइन लिलावात चकमकीची बंदूक दिसली. "कंपनी सरकारच्या काळातली, नळी बंद केलेली, फक्त शोभेची." सुरुवात ८,००० पासून. मी कमाल बोली ६२,००० भरून ठेवली. समोरचा वाढवेल तसं यंत्र माझ्या वतीने वाढवत जाणार, आणि माझी मर्यादा कुणालाही दिसणार नाही, असं तिथे लिहिलेलं होतं.

रात्री पावणेदहाला मी ३४,००० वर पुढे होतो. वेळ संपायला मिनिटभर उरलं आणि 'र*७' नावाचा कुणी उतरला. त्याचे ३६, माझे ३८. त्याचे ४०, माझे ४२. दरवेळी घड्याळ दोन मिनिटांनी पुढे. सात बोल्या लावल्या पठ्ठ्याने. सातवी ६०,००० ची, त्यावर माझी ६२,०००, आणि तो गप्प. आणखी एक बोली लावली असती तर मी बाद होतो. माझ्या मर्यादेच्या बरोबर एक पायरी खाली थांबला, आणि मी मूर्ख, "थोडक्यात जिंकलो" म्हणून बायकोला उठवून सांगितलं! कांद्याच्या लिलावात बोली लावणारा निदान समोर उभा दिसतो. इथे समोर नुसता एक तारा होता.

त्याच्या नावावर टिचकी मारली असती तर लगेच दिसलं असतं: ४१ बोल्या, त्यातल्या ३९ याच विक्रेत्याच्या मालावर, जिंकलेली एकही नाही. मी टिचकी मारली ती पैसे भरून झाल्यावर. तेव्हा तुम्ही आधी मारा.

६२,००० वर १२ टक्के कमिशन ७,४४०. कमिशनवर जीएसटी १,३३९ रुपये २० पैसे. पॅकिंग-कुरियर २,८५०. एकूण ७३,६२९ रुपये २० पैसे. वीस पैसेसुद्धा सोडले नाहीत.

पार्सल उघडलं. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली 'व्ही आर', म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि साल १८२१. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली. १८२१ ला चौथा जॉर्ज होता, तिथे 'जी आर' हवं. हे फोटोतही होतं हो! मी झूम केलं ते सालावर, अक्षरांवर नाही. जुनं म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते. तांबट आळीतल्या ओळखीच्या कारागिराने एक स्क्रू काढून दाखवला. बाहेर गंजाचे थर, आत आटे कोरे करकरीत. बाजारात ५,५०० च्या वर कुणी बोलेना.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या टेबलावर विचारलं, "बंदुकीचं लायसन्स आहे का?" मी शस्त्र कायदा १९५९, कलम ४५ दाखवलं. निकामी पुराणवस्तूला सूट आहे. दुसऱ्या टेबलावर फसवणूक सांगायची, तर वस्तू नवी बनावट आहे हे पटवायचं. म्हणजे इकडे ती जुनी असल्याची शपथ आणि तिकडे नवी असल्याची! दोन्हीकडे झेरॉक्स मीच जोडतोय. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "बोली तुम्हीच लावलीत ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." विक्रेता परराज्यातला, म्हणून हद्दीचाही प्रश्न. लिलाववाले म्हणतात आम्ही फक्त मंच, लिलाव अंतिम. पोर्टलवर सात आठवडे 'प्रक्रियेत'. मी काय कपाटातून गोळ्या झाडायला मागवली होती का?

पैसे गेले की त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी चार दिवस लाजेत घालवले. ग्राहक हेल्पलाइन १९१५. शंभर वर्षांवरची वस्तू विकणाऱ्याला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो, त्याचा नंबर मागा आणि कसा गडबडतो ते बघा. कमाल बोली आधी भरून ठेवू नका, हाताने लावा. "मागच्या वेळी ५८,००० ला गेली" यावर तर अजिबात जाऊ नका. मी गेलो होतो. ती घेणाराही कोण होता देव जाणे.

काल रात्री तोच विक्रेता पुन्हा दिसला. बंदूक दुसरी, साल १८१९, मुकुटाखाली 'व्ही आर'. भाव २२,०००, आणि पुढे 'र*७'.